डाव्या पायाचं हाड

करंगळीचं शेवटचं हाड शेंगदाण्याएवढंसुद्धा नसतं. ते ब्रशच्या केसांत अडकतं, मग दोन बोटांच्या चिमटीत धरून फडक्याच्या टोकानं त्याची धूळ टिपावी लागते – आणि फिदेलियाला हे काम फार छान जमायचं. बोटं, मणके, मनगटातले ते खड्यांसारखे तुकडे, फार तर बरगड्या. नवऱ्याच्या हाडांची पेटी दर वर्षी मृतांच्या सणाआधी उघडायची, पण तिच्या वाट्याला एवढंच यायचं. लांब हाडं आणि कवटी सासूबाईंकडे. ‘बारीक काम डोळ्यांचं, ते तू कर. मोठं काम हातांचं, ते माझं,’ असं बासिलियाबाई म्हणायच्या. त्यांचे डोळे मोतीबिंदूनं गेल्यातच जमा होते. एकदा झालेली ही वाटणी पुढं कुणी मोडली नाही, स्वयंपाकघरात कोण काय करणार हे जसं एकदाच ठरतं तसं. या वर्षी सासूबाई नव्हत्या. फेब्रुवारीत गेल्या. त्यांना तीन वर्षं मातीत काढायची होती, मग त्यांचीही अशीच पेटी होणार, त्यांनाही असं उन्हात घेऊन बसायचं, नवं कापड नेसवायचं... आणि माझ्यानंतर मला कोण, हा विचार तिनं करंगळीच्या हाडाबरोबरच बाजूला ठेवला.

“आज उगवलीस होय?” पलीकडच्या रांगेतून मिनेर्वाचा आवाज आला. मिनेर्वा शेजारीण, तिची सगळी माणसं ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेलाच धुऊनपुसून तयार. आज ती फक्त झेंडूची फुलं घेऊन आली होती. “पाहुणे दारात येऊन उभे राहिले, आणि तू आत्ता त्यांचे कपडे बदलायला काढलेस.”

“एकटीला उरकत नाही गं.”

“तर तर. तुझं सणाचं पीब आमच्याच खड्ड्यात भाजायला टाकलंय हो, केळीच्या पानावर तुझी खूण बांधून. दोन वाजता उकरायचं. उशीर केलास तर करपेल, मग तुझा सिरिलो म्हणेल –”

“तो काही म्हणायचा नाही.”

“ते खरंच. होता तेव्हा तरी कुठं काय म्हणत होता,” मिनेर्वा म्हणाली आणि दोन फुलं फिदेलियाच्या पुढ्यात टाकून निघून गेली.

खरं तर उशीर उरकत नव्हतं म्हणून झालाच नव्हता. गेला आठवडाभर ती रोज ब्रश आणि फडकी पिशवीत भरत होती आणि रोज काहीतरी निमित्त काढून पिशवी खुंटीला परत टांगत होती. बातमी सांगायची होती. तुझी आई गेली, हे सिरिलोला तिनंच सांगायला हवं होतं – दुसरं होतं कोण? मूलबाळ नाही, आणि ती पलीकडच्या गावातली, जिच्याकडे तो शेवटची अकरा वर्षं आठवड्यातून तीनदा जायचा, ती तो गेल्याबरोबर कानकूनला निघून गेली, फुलसुद्धा कधी ठेवायला आली नाही. आणि सांगायचं म्हणजे तोंडानं, मोठ्यानं. कारण फिदेलिया गेली चार वर्षं नवऱ्याशी बोलत होती.

हसण्यासारखं आहे... माणूस जिवंत असताना अकरा वर्षं त्याच्याशी ‘पैसे दे’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे एक शब्द नाही, आणि तो हाडांचा झाल्यावर गप्पा. पण पहिली दोन वर्षं तेही नव्हतं. मातीतून काढल्यावर पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा तिनं बोटांची हाडं पुसली, मणके पुसले, आणि सासूबाई शेजारी एकट्याच बोलत होत्या – ‘बाळा, अंग चोरू नकोस, झालं, झालं’ – जसं काही तीन वर्षांच्या पोराला न्हाऊ घालताहेत. दुसऱ्या वर्षीही तसंच. घशात काहीतरी आडवं बसलं होतं. आणि तिसऱ्या वर्षी, स्मशानातली पेट्यांची भिंत नवी बांधून झाली, फिकट निळा रंग दिला, त्याच वर्षी, पाठीचा एक मणका हातात असताना ती सहज बोलून गेली, ‘मागच्या खोलीचं छप्पर गळतंय.’ सासूबाईंचे हात थांबले होते. तिला वाटलं, आता काही टोमणा येईल. पण त्या नुसत्या म्हणाल्या, ‘बोल गं बाई, बोल. तुझं तोंड उघडलं एकदाचं.’

छपरापासून सुरुवात झाली आणि मग थांबेना. शिलाई मशीनचा पट्टा, आंब्याला लागलेली कीड, गुडघे. मग एका वर्षी, सासूबाई पाणी आणायला नळावर गेल्या तेवढ्यात, तिनं त्याला सांगितलं की मी एकदा त्या गावात गेले होते, तिच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे उभी राहिले, ती दोरीवर तुझा तपकिरी शर्ट वाळत घालत होती, मी शिवलेला, आणि तिनं बाह्या उलट्या केल्या नव्हत्या – बाह्या उलट्या न करता वाळत घातलं की रंग उडतो – आणि मला तुझ्यापेक्षा त्या शर्टाचं वाईट वाटलं. त्यानं ऐकून घेतलं. जिवंत सिरिलोनं कधी ऐकलं नसतं. तो उठून, पाय ओढत, त्याच्या पावाच्या भट्टीकडे निघून गेला असता. आणि गेल्या वर्षी, शेवटची बरगडी कापडात ठेवताना, ‘सोडून दिलं मी,’ असं ती म्हणाली होती. तेवढंच. पण त्या वाक्यानंतर वर्षभर तिला झोप नीट लागत होती, आणि छप्पन्नाव्या वर्षी नीट झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही.

“ऐकलंस का,” फिदेलिया म्हणाली. समोर भिंतीचा कठडा, त्यावर पेटी, पेटीच्या कडेला काढून ठेवलेली हाडं, नऊ वाजताचं ऊन. “आई गेल्या. फेब्रुवारीत. त्रास झाला नाही. सकाळी पाव चहात बुडवला आणि...” तिनं मांडीचं हाड उचललं. जड होतं, वाटलं होतं त्याहून जड. ते तिनं वरून खाली ब्रशनं झाडलं, सासूबाई झाडायच्या तसं, मग दुसरं. मग पायाची नळी, उजवी. मग डावी.

डावी नळी सरळ होती.

तिनं ती ब्रशनं झाडली. फडक्यानं पुसली. बोलणं चालूच ठेवलं होतं – तुझ्याच भट्टीतला पाव, अजून तसाच करतात – आणि बोलता बोलता तिचा अंगठा आपोआप हाडाच्या मधोमध गेला आणि तिथं काहीतरी शोधायला लागला. तिथं गाठ असायला हवी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी सिरिलो लाकडाच्या ट्रकवरून पडला, नळीचे दोन तुकडे झाले, वैदूनं ते चुकीचे बसवले, आणि जुळताना तिथं आल्याच्या तुकड्यासारखी गाठ आली ती जन्मभर राहिली. तीन महिने मी त्या पायाला कोमट तेल लावलंय. बावीस वर्षांची होते. अंगठ्याला माहीत आहे. एक पाऊल टाकलेलं आणि एक ओढलेलं – गल्लीच्या तोंडाशी वळला की ओळखू यायचा, सगळं गाव त्याला चालीवरून ओळखायचं.

हाडं मेल्यावर सरळ होत असतील का? हा प्रश्न तिनं स्वतःला खरोखरच विचारला, आणि थोडा वेळ त्याला चिकटून राहिली. मग उजवी नळी घेऊन डाव्या नळीशेजारी धरली. दोन्ही सारख्या. हा माणूस, कोण होता देव जाणे, आयुष्यभर नीट चालला होता.

ती ओरडली वगैरे नाही. दोन्ही हाडं कापडावर ठेवली, हात पुसले, आणि राखणदाराला हाक मारली. तिबुर्सियोकाका तीस वर्षं त्या स्मशानात होते. भिंत बांधली तेव्हाही तेच होते.

“काका, भिंत पाडली तेव्हा पेट्या कुठं ठेवल्या होत्या हो?”

“चर्चच्या पडवीत. पंधरा दिवस. का गं? वाळवी लागली का पेटीला?”

“नाही. नुसतंच विचारलं. परत ठेवताना नावं बघून ठेवल्या असतील ना?”

“खडूनं लिहिली होती की पेट्यांवर. पाऊस आला मध्येच, पण आम्ही आठवून आठवून ठेवल्या बरोबर,” काका म्हणाले, आणि मग, बोलायला माणूस मिळाल्याच्या आनंदात, तिच्या डोक्यावरच्या खणाकडे बोट दाखवून, “कुठली पेटी कुणाची, तुझ्या सासूला सगळं ठाऊक होतं. पुण्यवान बाई. तुझ्याबरोबर आपल्या लेकाची पेटी करायची, आणि त्याच्या आधी आठवडाभर एकटीच यायची, वरच्या आंब्रोसियो चाबची करायला. चाबचं कुणी उरलं नाही ना इथं. म्हणायची, तिबुर्सियो, त्या बिचाऱ्याला कोण आहे? तासन् तास बसायची. या वर्षी तो तसाच राहिला.”

“मी करते,” फिदेलिया म्हणाली. “उतरवून द्या.”

वरच्या खणातली पेटी तिच्या शेजारी आली. खणावर पिवळ्या रंगात, भिंत रंगवणाऱ्याच्या अक्षरात, आंब्रोसियो चाब. पेटीचं झाकण नेहमीसारखं अर्धं उघडं, आतल्याला उजेड मिळावा म्हणून. वर्षभराची धूळ सोडली तर कापड स्वच्छ होतं. पांढऱ्या कापडाला लाल काठ, काठावर फुलं – फुलं म्हणायची म्हणून, आंधळ्या बाईच्या हातची, पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या. टोक उलटं केलं तर आतल्या बाजूला, बाहेरून कुणाला दिसू नये अशा ठिकाणी, दोरा घट्ट ओढून शिवलेली वेडीवाकडी अक्षरं. सिरिलो.

तिनं सगळं काढलं नाही. हात घातला, आणि अंगठ्याला गाठ लागली.

...तर म्हातारीला माहीत होतं. हातांचं काम माझं, म्हणणारी. नव्या भिंतीच्या पहिल्याच वर्षी, डावी नळी हातात आल्याबरोबर तिला कळलं असणार – आईच्या हाताला कळणार नाही? – आणि त्याच क्षणी शेजारी सून बोलली, छप्पर गळतंय म्हणाली, आणि सासूचे हात थांबले ते त्यामुळे. टोमणा गिळला असं मला वाटलं होतं. ती लेकाचं नाव गिळत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, अगं, हा तो नव्हे. नाही सांगितलं. बोल गं बाई, बोल, म्हणाली.

हे दयेनं केलं का? की चांगला डाव साधला – सुनेला परका माणूस दिला खेळायला, आणि मुलगा ठेवून घेतला स्वतःकडे, अख्खा, कवटीपासून करंगळीपर्यंत, जसा लग्नाआधी होता? फिदेलियाला दोन्ही खरं वाटत होतं. एका क्षणी तिला म्हातारीच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं आणि दुसऱ्या क्षणी तिला मातीतून ओढून काढून जाब विचारावासा वाटत होता, आणि मातीला अजून दोन वर्षं आणि तीन महिने हात लावायची सोय नव्हती.

आणि माझं ‘सोडून दिलं’? ते कुणाला दिलं? आंब्रोसियो चाबला? कोण होता तो, काय करायचा, बायकोला मारायचा की तिचे पाय चेपायचा? त्यानं तपकिरी शर्टाची गोष्ट ऐकली, आणि त्याला शर्टाशी काही देणंघेणं नव्हतं. क्षमा केली ती भलत्याच दारात टाकून आले मी, आणि वर वर्षभर शांत झोपले.

दोन्ही पेट्या उन्हात शेजारी शेजारी. तिनं सिरिलोची हाडं एकेक करून बाहेर घेतली, ब्रश घेतला, घसा खाकरला. “ऐकलंस का,” म्हणाली. पुढं शब्द आला नाही. पहिल्या दोन वर्षांत जे घशात आडवं होतं ते तिथंच होतं, जागा धरून, इतकी वर्षं कुठं गेलंच नव्हतं. तुझी आई गेली हे चाबला सांगून झालं होतं. ज्याची आई, त्याला सांगता येईना. ती मुकाट्यानं पुसत राहिली. नळीवरच्या गाठीपाशी आल्यावर हात आपोआप गोल फिरायला लागला, तेल लावल्यासारखा, तेव्हा तिनं ते हाड पटकन खाली ठेवलं.

नवं कापड एकच होतं. निळा काठ, झेंडूची फुलं, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत सिरिलो. उन्हाळाभर ती ते शिवत होती, शिवताना मनातल्या मनात बोलत होती, आणि ते बोलणं ऐकणारा कठड्यावर डावीकडे होता, सरळ पायांचा. नाव उजवीकडच्याचं. कापड कुणाचं? बराच वेळ ती ते मांडीवर घेऊन बसली. शेवटी तिनं चाबला ते नेसवलं. सिरिलोला त्याच्या आईचंच कापड झटकून पुन्हा गुंडाळलं, त्या वेड्यावाकड्या पाकळ्या वर येतील असं. आणि काकांनी पेट्या उचलल्या तेव्हा ती काही बोलली नाही. ज्या खणातून जी आली होती त्याच खणात ती गेली.

घरी येईपर्यंत पीब थंड होत आलं होतं. मिनेर्वानं ते दारात ठेवलं होतं, वर पान काळं पडलेलं, मातीचा वास. फिदेलियानं टेबलावर धुतलेलं कापड पसरलं, हिरवा क्रूस मागं उभा केला, फोटो मांडले – या वर्षी सासूबाईंचा नवा, डोळे मिटल्यासारखे. मेणबत्त्या. चॉकलेट. पीब कापताना वाफेऐवजी नुसता वास आला, मका, कोंबडी, लाल मसाला, आणि तिनं मधला, मऊ, भरपूर सारण असलेला तुकडा सिरिलोच्या ताटलीत ठेवला, चार वर्षं ठेवत होती तसा. मग दाराबाहेरची तुंब्याची वाटी धुवायला घेतली.

ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी ती वाटी असते. दर घराच्या बाहेर टांगलेली असते, त्यात उरलंसुरलं घालतात, कुणी विसरलेला आत्मा जाता जाता खाईल म्हणून. पण सासूबाई त्या वाटीचे काय लाड करायच्या. गेली चार वर्षं स्वतः भरायच्या, चाचपडत. पिबाचा कडेचा, खरपूस, जवळजवळ जळका तुकडा शोधून काढायच्या; वर आंबट संत्रं पिळायच्या; आणि तीन हबानेरो मिरच्या, चिरून, बिया काढलेल्या. फिदेलिया एकदा हसली होती. ‘आई, बेवारशाला कसले एवढे चोचले?’ तर म्हणाल्या होत्या, ‘असतो एखादा तोंडाचा चोखंदळ.’

वाटी तिच्या हातात ओलीच राहिली.

भट्टीवर काम करणारा माणूस. त्याला करपलेली कड आवडायची. मधला मऊ भाग तो ताटाच्या कडेला सारायचा. आंबट संत्र्याशिवाय घास गिळायचा नाही. हे मला माहीत होतं की... माहीत होतं. पण अकरा वर्षं ज्याला वाढलं नाही त्याला काय आवडतं ते हात विसरतात. अकरा वर्षं फिदेलिया अंधार पडला की दाराला कडी घालायची, आणि तो त्या गावाहून आला की कडी हलवून बघायचा नाही, हाक मारायचा नाही, अंगणातून मागं जायचा. तिथं चुलीपाशी सासूबाई झाकून ठेवलेलं ताट त्याला द्यायच्या, आणि तो पायरीवर बसून जेवायचा. बाहेर. स्वतःच्या घराच्या बाहेर. सकाळी ताट धुतलेलं असायचं. कुणी त्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

म्हणजे म्हातारीनं तेच चालू ठेवलं होतं. आत सुनेचा पाहुणा जेवत होता, टेबलावर, ताटलीत. आणि तिचा मुलगा दाराबाहेर, बेवारशांच्या वाटीतून. सणाला दार तर सताड उघडं असतं, सगळ्या गावाचं असतं. पण सुनेनं ‘ये’ म्हटल्याशिवाय तो आत येणार नाही हे त्याच्या आईला ठाऊक होतं, आणि सून तर दुसऱ्याच कुणाला ये म्हणत होती.

फिदेलियाला राग आला. किती तरी वर्षांत आला नव्हता इतका, आणि तो बरोबर पत्त्यावर आला होता. त्यात चाब नव्हता, म्हातारीसुद्धा नव्हती. मेल्या, तुला एकदा कडी वाजवता आली नाही? ती हे मोठ्यानं म्हणाली की मनात, तिला कळलं नाही. टेबलावरच्या मेणबत्त्या सरळ जळत होत्या.

तिनं पिबाची कड कापली, सर्वांत काळी. आंबट संत्रं पिळलं. मिरच्यांच्या बिया काढताना बोटं झोंबली. वाटी भरली, आणि भरलेली वाटी घेऊन ती उंबऱ्यात आली – बाहेर खुंटी होती, आत टेबल होतं, टेबलावर चाबसाठी मऊ तुकडा, आणि एक खुर्ची. बाहेर संध्याकाळ उतरत होती. मिनेर्वाकडे कुणी तरी हसत होतं, गल्लीत उदाचा धूर दाटला होता. वाटी खुंटीला टांगायची की आत न्यायची, तिला ठरवता येईना. शेवटी ती उंबऱ्यावरच बसली, वाटी मांडीवर घेऊन. ‘ये’ हा एवढासा शब्द. तो तिनं तोंडात घोळवून बघितला. आला नाही.

गल्लीतून माणसं येत-जात होती. तिचं लक्ष त्यांच्या पावलांकडे होतं. सगळी सरळ पावलं, एकसारखी, टाकलेली आणि टाकलेली... आणि बऱ्याच वेळानं तिच्या ध्यानात आलं की ती कान देऊन बसली आहे. हे बसणं तिच्या अंगवळणी होतं. कडी घालून, दिवा मालवून, भिंतीकडे तोंड करून ती अशीच पडलेली असायची, आठवड्यातून तीनदा, अकरा वर्षं, गल्लीच्या तोंडाशी एक पाऊल टाकल्याचा आणि एक ओढल्याचा आवाज येईपर्यंत; तो आला की मगच तिचा डोळा लागायचा. त्या जागण्याला ती तेव्हा राग म्हणत होती.